मुक्या घंटेचा पत्ता

भावोजींनी दार उघडलं आणि ती मुलगी जवळजवळ त्यांच्या अंगावरच कोसळली. बेल दाबायचा धीर होईना म्हणून दाराला टेकून उभी राहिली होती.

"वहिनी इथेच राहतात ना?"

"राहतात. आत या. आधी बसा, पाणी प्या, मग रडा," भावोजी म्हणाले. माणूस मनाचा चांगला, बोलण्याचा तेवढा पोच नाही.

वहिनी म्हणजे खरं तर एकट्या भावोजींच्याच वहिनी. पण विमा कंपनीत दावे तपासता तपासता त्यांनी इतक्या लबाडांना घाम फोडला, की नोकरी सोडल्यावर अख्खं गाव त्यांना वहिनी म्हणत खासगी कामं घेऊन येऊ लागलं. भावोजी गाडी चालवतात आणि सोबत करतात. त्यांचं डोकं चालतं, नाही असं नाही. पण पायी चालतं.

मुलगी खुर्चीच्या काठावर बसली.

"मी सॉफ्टवेअर तपासते," ती म्हणाली. "आमची छोटीशी कंपनी आहे. कारखान्यांसाठी गॅसची घंटा बनवतो. हवेत विषारी गॅस वाढला की संगणक घंटा वाजवतो आणि लोक बाहेर पळतात. नवी आवृत्ती कुठेही बसवण्याआधी माझ्या टेबलावर येते. मी पास केली तरच ती पुढे जाते."

"बरं, मग?"

"ही मी पास केली. बर्फाच्या कारखान्यात बसवली. तिथे अमोनिया गळला आणि घंटा वाजलीच नाही." ती म्हणाली, "मशीनरूममध्ये माझे बाबा होते."

भावोजींनी हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

तिचे बाबा त्या कारखान्यात जन्मभर कॉम्प्रेसरवर ऑपरेटर होते. डोळ्यांत, घशात गॅस गेलेला असताना त्यांनी चाचपडत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला आणि तिथेच पडले. तेव्हापासून दवाखान्यात होते, शुद्धीवर आले नव्हते. सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकांनी कारखान्यात सांगितलं, की झोपमोड नको म्हणून ऑपरेटरनंच घंटा बंद केली असणार. आणि ऑफिसात येऊन सगळ्यांदेखत या मुलीला सुनावलं, की तू न तपासताच पास केलंस.

"दोन्ही कसं खरं असेल?" भावोजींनी विचारलं.

"त्यांना एक खरं ठरलं तरी पुरे आहे," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तपासलं होतंत?"

"शपथेवर सांगते, तपासलं होतं. वाजली होती! पण अपघातानंतर मी तोच प्रोग्राम त्याच माझ्या मशीनवर परत लावला. सेन्सरपाशी अमोनियाची बाटली धरली. घंटा मुकी! पडद्यावर हिरवा दिवा, सगळं ठीक म्हणून. मला वाटलं, मला वेड लागलं."

"आणि आज धावत आलात ते कशासाठी?"

"आज संध्याकाळी कारखाना परत सुरू होतोय. बाबांच्या खुर्चीवर माझा धाकटा भाऊ बसणार आहे. मॅनेजरना मी सांगितलं, ते म्हणतात, बापाचं नाव वाचवायला पोरगी काहीही बोलतेय. भावाला म्हटलं, जाऊ नकोस रे. तो हसला. म्हणाला, 'ताई, तू स्वतः तपासलंयस ना? मग मला कसली भीती?'"

एवढं बोलून तिने तोंडावर हात घेतले. वहिनींनी चष्मा काढला, पदराला पुसला आणि परत चढवला.

"भावोजी, गाडी काढा."

---

गाडीत वहिनी मागे वळून बसल्या. "तपासता म्हणजे नेमकं काय करता, ते मला कळेल असं सांगा. यांना कळेल असं सांगितलंत तर फारच उत्तम."

"ऐकतोय हं मी," भावोजी स्टीअरिंगवरून म्हणाले.

"आधी माझं मशीन धुऊन काढते," तपासनीस मुलगी म्हणाली. "जुनी आवृत्ती, तिच्या फाईली, सगळं पुसते. मग नवा प्रोग्राम नेहमीच्या फोल्डरमध्ये न ठेवता मुद्दाम भलत्याच फोल्डरमध्ये ठेवून चालवते. परक्या घरात नीट नांदला, तर कुठेही नांदेल."

"आणि हा नांदला?"

"पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदाही नाही. दोन्ही वेळा मुका राहिला आणि मी परत पाठवला. कारखान्याला दिलेला वायदा जवळ आला होता, मालक आमच्यावर फार चिडले होते. मग दाढीनं, म्हणजे आमच्या प्रोग्रामरनं, तिसऱ्यांदा दुरुस्त करून दिला. मी संध्याकाळी मशीन पुसून घरी गेले. सकाळी येऊन प्रोग्राम लावला, बाटली धरली आणि घंटा वाजली. तीन ठोके, नाजूक. काचेच्या पेल्यावर चमचा वाजवावा तसे."

"तुमच्या घंटेचा आवाज असाच असतो?"

"जुन्या आवृत्तीच्या तीन शिट्ट्या असायच्या. नवीत आवाज बदललाय एवढं माहीत होतं. म्हटलं, हाच असेल." ती जराशी थांबली. "मला तो मवाळ वाटला होता, वहिनी. कॉम्प्रेसरच्या धडधडीत बाबांना कसा ऐकू येईल, असं मनातसुद्धा आलं. पण आवाज ठरवणारी मी कोण? बोलले नाही."

"वाजली म्हणता, मग मुकी कशी झाली?" भावोजी म्हणाले. "भुताटकीच की ही!"

"भुताला ऑफिसची किल्ली लागत नाही. रस्त्याकडे बघा. किल्ल्या कोणाकोणाकडे असतात हो?"

"आम्हा चौघांकडे. मी, मालक, दाढी आणि बसवायला जातो तो फिटर."

मुलगी दर सिग्नलला भावाला फोन लावत होती आणि तो उचलत नव्हता.

---

ऑफिस एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. मालकांनी तपासनीस मुलीला बाहेरच बसायला सांगितलं, काचेचं दार लावून घेतलं आणि वहिनींना खुर्ची दिली.

"वाईट झालं हो. माझाही जीव तुटतो. पण म्हाताऱ्या माणसानं घंटा बंद करून डुलकी काढली, त्याला सॉफ्टवेअर काय करणार? आमच्या मालात खोट नाही, हे मी छातीठोक सांगतो."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"छे, छे! मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपला विकतो." बोलता बोलता त्यांचा हात सवयीनं लॅपटॉपवर गेला. विकणाऱ्याला समोर माणूस दिसला की राहवत नाही. "हे बघा. ग्राहकाला दाखवायची ही माझी खास प्रत. आता समजा, गॅस वाढला."

त्यांनी एक कळ दाबली. लॅपटॉपमधून किणकिणत तीन स्वर आले.

"वा! मंजुळ आहे हो," भावोजी म्हणाले.

"असणारच! लोकांच्या केबिनमध्ये जाऊन शिट्ट्या मारल्या तर हाकलून देतील. ही प्रत या लॅपटॉपशिवाय कुठेही सापडायची नाही."

"छान आहे," वहिनी म्हणाल्या. "संध्याकाळी कारखान्यात याल का? हा लॅपटॉपही आणा. मॅनेजरांचीही खात्री पटेल."

"येईन की! मला कसली भीती?"

पण उठताना त्यांनी रुमाल काढून मान पुसली. वहिनी लॅपटॉपकडे बघत होत्या.

फिटरची ऑफिसबाहेर जिन्याच्या तोंडाशी गाठ पडली. गळ्यात भलीमोठी पिशवी, नजर सारखी इकडेतिकडे.

"मी फक्त बसवतो हो. नेहमी आपला ठरलेला फोल्डर असतो, सी ड्राइव्हवर. पण त्या कारखान्याचा नियम निघाला, बाहेरचा कुठलाही प्रोग्राम सी वर ठेवायचा नाही. मग डी ड्राइव्हवर ठेवला. पास झालेला माल, म्हटलं, कुठेही चालेल."

"वाजवून पाहिला नाहीत?"

"चालू कारखान्यात गॅस सोडून बघायला बंदी आहे. हिरवा दिवा दिसला, निघालो."

"कारखान्याच्या संगणकावर याआधी तुमची जुनी आवृत्ती होती?"

"नाही. कोरा संगणक होता. पूर्वी तिथे भिंतीवरची साधी घंटा होती, ती काढली."

"तुमच्याकडे जुन्या प्रती असतील ना?"

"पिशवी भरून. ऐकायच्यात? कान फाटतील, अशा शिट्ट्या आहेत." त्यानं आवाज खाली आणला. "वहिनी, एक सांगू? डी ड्राइव्हचं मी मालकांना अपघातानंतर बोललो. ते एकदम पांढरेफटक पडले. म्हणाले, हे बाहेर कुठे बोलायचं नाही. माझी नोकरी जाईल हो. माझं नाव घेऊ नका."

"घ्यावं लागलं तर घेईन," वहिनी म्हणाल्या. "तिथे एक पोरगा बसणार आहे."

फिटर खाली मान घालून निघून गेला.

दाढी आत आपल्या टेबलाशी नुसताच बसला होता. पडदा बंद, डोळे सुजलेले.

"माझ्या मशीनवर नेहमी वाजते," तो म्हणाला. कोणी काही विचारायच्या आधीच म्हणाला.

"कारण तुमच्या मशीनवर ती नेहमीच्या फोल्डरमध्ये असते," वहिनी म्हणाल्या.

त्यानं चमकून वर पाहिलं. "हो. प्रोग्राम बनवताना त्याच्या पोटात त्याच्या घराचा पत्ता कोरला जातो. आवाजाची फाईल, किती गॅस म्हणजे धोका ती फाईल, सगळं त्या घरात. प्रोग्राम उचलून दुसरीकडे नेला तरी तो धावत जुन्याच पत्त्यावर जातो आणि तिथे शोधतो. मला ते सगळे पत्ते काढून टाकायचे होते आणि त्याला शिकवायचं होतं, की बाबा रे, तू जिथे आहेस तिथेच आजूबाजूला बघ. दोनदा काहीतरी राहून गेलं. तिसऱ्यांदा पास झाला, म्हटलं, सुटलो एकदाचा."

"पत्त्यावर गेला आणि तिथे घरच नसलं, तर?"

दाढीनं नजर खाली घातली. "तर गप्प बसतो. धोक्याची पातळीच सापडली नाही, म्हणजे धोका नाही, असं धरतो. हिरवा दिवा दाखवतो. ग्राहकासमोर लाल अक्षरं दिसता कामा नयेत, असा मालकांचा हुकूम होता. मी तसं लिहून दिलं."

"असलं कसं लिहून दिलंत हो?" भावोजी भडकले.

"नवा आवाज कसला ठेवलाय?" वहिनींनी विचारलं.

"भोंगा. दात हलतील असा. कारखान्यानं मुद्दाम मागितला होता, मशीनच्या आवाजात ऐकू यावा म्हणून."

"तपासनीसबाईंना हे सांगितलं होतंत?"

"आवाज बदललाय, एवढं सांगितलं होतं. भोंगा काय, वाजला की कळतोच."

जिना उतरताना भावोजींनी कपाळाला हात लावला. "सगळेच घाबरलेत, वहिनी. मला तर तिघेही चोर वाटतात."

"तिघेही चुकलेत. पण एकानं मुद्दाम केलंय." वहिनींनी घड्याळ पाहिलं आणि पावलं उचलली.

---

कारखान्याची मशीनरूम एका दगडी कमानीच्या मागे, अर्धी जमिनीखाली होती. दार जाड लोखंडी, त्यात हाताएवढी काच. अपघाताला दिवस उलटले होते तरी आत पाऊल टाकताच नाकात बारीक झिणझिण्या आल्या. भावोजींनी नकळत श्वास धरला.

भिंतीला लागून कॉम्प्रेसर, त्यातून निघालेले जाड पाईप, वर कोपऱ्यात सेन्सर. त्याच्याखाली संगणक आणि एक लाकडी खुर्ची, तिच्यावर दुमडलेली जुनी चादर. खुर्चीपासून दार चांगलंच लांब होतं. शुद्धीवर असलेल्या माणसालाही धावत जायला लांब वाटलं असतं, इतकं.

पडद्यावर हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

मॅनेजर घाईत होते. "वहिनी, तुमचा मान राखून थांबलोय. बर्फाच्या गाड्या भरायच्यात. गळकी जागा दुरुस्त झालीय, घंटा ठीक आहे असं मालकांनी लिहून दिलंय. अजून काय हवं?"

वहिनींनी बोलावलेले मालक, दाढी आणि फिटर भिंतीशी उभे होते. तपासनीस मुलगी दाराला चिकटून होती. एवढ्यात मागून तिचा धाकटा भाऊ आला. अंगात बाबांचा निळा गणवेश, बाह्या दोनदा दुमडलेल्या.

"तू कशाला आलीस गं ताई?" तो म्हणाला. "घाबरू नकोस ना."

"एकच छोटं काम," वहिनी मॅनेजरांना म्हणाल्या. "दार लावून मशीन चालू करा. मालक, तुम्ही घटकाभर त्या खुर्चीवर बसा. आम्ही काचेतून बघतो. म्हणजे सगळ्यांची भीती जाईल."

मालक हसले. "मी? मला कशाला? मला दम्याचा त्रास आहे."

"गळती दुरुस्त झालीय. घंटेत खोट नाही, छातीठोक म्हणालात."

"नाहीच आहे. पण ऑपरेटरनं बसायची जागा ती. माझं तिथे काय काम?"

"मी बसतो ना," धाकटा म्हणाला. "माझीच ड्यूटी आहे." आणि तो सरळ खुर्चीकडे निघाला.

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं. ते काही बोलले नाहीत.

"नको!" मुलगी किंचाळली. तोवर वहिनींनी पोराचं मनगट धरलं होतं.

"थांब, बाळा. तुझं काम झालं," त्या म्हणाल्या. मग मालकांकडे वळल्या. "तुम्ही स्वतः बसला नाहीत. हा चालला होता, त्यालाही अडवलं नाहीत. भावोजी, बाटली."

भावोजींनी मुलीच्या टेबलावरून आणलेली अमोनियाची बाटली उघडली आणि हात लांब करून सेन्सरखाली धरली. वास सुरीसारखा आला. सगळे मागे सरले, भावोजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, धाकटा खोकू लागला. आणि पडद्यावर हिरवा दिवा होता तसाच होता. खोलीत फक्त खोकण्याचा आवाज येत होता.

मॅनेजरांचा चेहरा उतरला. "वाजत का नाही?"

"म्हाताऱ्यानं सेटिंग बिघडवलं असेल!" मालक ओरडले.

"असेल. तपासू," वहिनी म्हणाल्या. "दाढीवाले, मालकांच्या लॅपटॉपमधली ती खास प्रत घ्या आणि या संगणकाच्या सी ड्राइव्हवर, तुमच्या नेहमीच्या फोल्डरमध्ये ठेवा. कारखान्याचा नियम आज मोडू. डी वरच्या नव्या प्रोग्रामला बोटही लावू नका."

"माझ्या लॅपटॉपला हात लावायचा नाही!" मालकांनी पिशवी पोटाशी धरली.

"द्या इकडे," मॅनेजर म्हणाले, आणि त्यांनी ती काढून घेतली.

दाढीनं ती प्रत तिथे उतरवली. काम झाल्यावर तो बाजूला झाला. भावोजींनी एका हातानं नाक दाबून दुसऱ्या हातानं बाटली पुन्हा वर केली.

किण. किण. किण.

"हाच!" मुलगी पुढे आली. "त्या सकाळी माझ्या टेबलावर हाच वाजला होता! हाच, वहिनी!"

"आँ? हा तर मालकांच्या केबिनमधला आवाज!" भावोजी म्हणाले. अखेर पायी पायी पोचले.

---

बाटली बंद करून सगळे बाहेर कमानीखाली आले. वहिनी एका उलट्या क्रेटवर बसल्या.

"कोडं एवढंच होतं," त्या म्हणाल्या. "एकच प्रोग्राम, एकच मशीन, मग एका दिवशी वाजला आणि नंतर मुका का? प्रोग्राम बदलला नव्हता. मशीन बदललं नव्हतं. म्हणजे त्या सकाळी मशीनमध्ये आणखी काहीतरी होतं, जे नंतर राहिलं नाही. तपासनीसबाई परक्या घरात प्रोग्राम नांदवून बघतात. पण प्रोग्रामच्या पोटात अजून जुना पत्ता शिल्लक होता. तो त्या पत्त्यावर गेला, तर तिथे कोणीतरी आधीच घर मांडून ठेवलं होतं. त्यानं तिथलीच धोक्याची पातळी घेतली, तिथलाच आवाज घेतला आणि वाजला. पास झाला. मग ते घर गुपचूप उचललं गेलं."

"किल्ल्या तर चौघांकडे होत्या," मॅनेजर म्हणाले.

"होत्या. पण दाढीवाल्यांनी स्वतःची प्रत ठेवली असती, तर भोंगा वाजला असता. फिटरनं पिशवीतली ठेवली असती, तर शिट्ट्या वाजल्या असत्या. बाईंनी ऐकली किणकिण. ती किणकिण एकाच लॅपटॉपमध्ये आहे, हे मालकांनीच मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ते विकतात, तपासत नाहीत. तपासणीच्या वेळी ते टेबलाजवळ नव्हते. नवा प्रोग्राम आपल्या प्रतीच्या आवाजात बोलेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही."

मालक भिंतीला टेकले. मघाचा रुबाब पार गळून गेला होता.

"वायदा टळला असता," ते पुटपुटले. "काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं असतं. ही पोरगी पुन्हा नापास करणार, हे दिसत होतं. जुनी फाईल पुसली की मुका होतो, एवढं हिच्या आणि दाढीच्या भांडणातून मला कळलं होतं. म्हटलं, कारखान्यात तर नेहमीच्याच घरात बसवणार. तिथे वाजेलच ना? मला काय माहीत यांचा डी ड्राइव्हचा नियम?"

"एवढं मी एक वेळ मानेन," वहिनी म्हणाल्या. "पण अपघातानंतर फिटरनं तुम्हाला डी ड्राइव्हचं सांगितलं. तेव्हा तुम्हाला सगळं उमगलं. त्यानंतर तुम्ही घंटा ठीक आहे म्हणून लिहून दिलंत. बेशुद्ध माणसावर आळ घेतलात. आणि आत्ता त्याच्या पोराला त्या खुर्चीकडे जाताना बघत उभे राहिलात. त्याला माझ्याकडे माफी नाही."

मॅनेजरांनी कारखाना बंदच ठेवायचा हुकूम दिला आणि पोलिसांना फोन लावला. गाड्या रिकाम्या परत गेल्या. धाकट्यानं गणवेशाची बटणं काढायला घेतली, पण बोटं इतकी कापत होती की एकही बटण निघेना. आता कुठे त्याला भीती वाटायला लागली होती. बहिणीनं पुढे होऊन एकेक बटण काढलं.

मग ती वहिनींजवळ आली.

"म्हणजे मी नव्हे ना? वहिनी, माझ्यामुळे नाही ना झालं?"

भावोजी घाईघाईनं म्हणाले, "अहो, तुमची कसली चूक? फसवलं तुम्हाला!"

वहिनी तिच्याकडे वळल्या. "तुम्हाला फसवलं, हे खरंच आहे. ते मी कोर्टात येऊन सांगेन. पण आवाज मवाळ वाटला होता, हेही तुम्हीच मला सांगितलंत. त्या सकाळी दाढीवाल्यांना नुसतं विचारलं असतंत, हा कसला आवाज ठेवलाय, तर तिथेच सगळं फुटलं असतं. त्याचं काय करायचं ते मला सांगता येणार नाही."

"असं काय बोलता, वहिनी!" भावोजी कुजबुजले.

मुलीनं मात्र मान हलवली. कोणीतरी हे बोलावं, याचीच ती इतके दिवस वाट बघत असावी.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता. बाबांनी डोळे उघडले होते.

---

भावोजींनी गाडी अशी हाकली, की वहिनींनी एकदाही टोमणा मारला नाही.

दवाखान्याच्या खोलीत आई पायाशी बसली होती. बाबांच्या डोळ्यांवर ओल्या पट्ट्या होत्या, त्या आत्ताच थोड्या वर केल्या होत्या. घसा भाजलेला होता, आवाज घासून येत होता. वहिनी आणि भावोजी दारातच थांबले.

"माझ्या खुर्चीवर कोण आहे?" बाबांनी पहिलं हेच विचारलं.

"कोणी नाही, बाबा," धाकटा म्हणाला. "मशीन बंद आहे."

बाबांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी अंदाजानं लेकीच्या दिशेला मान वळवली.

"मी ऐकत होतो गं," ते म्हणाले. "वास आला, तरी मी उठलो नाही. म्हटलं, पोरीची घंटा आहे, गॅस जास्त असता तर वाजली असती. वाट बघत बसलो. का नाही वाजली ती?"

आई म्हणाली, "आता नको ते. निजा."

धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवून नको म्हटलं. मालकांचं नाव सांगून तिला मोकळं होता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं.

तिनं स्टूल ओढून पलंगाला चिकटवलं आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"सांगते, बाबा. मालकांनी काय केलं तेही सांगते," ती म्हणाली. "पण आधी माझं ऐका."

वहिनींनी बाहेरून दार ओढून घेतलं.